वनप्लस ६: अपडेटनंतर लिनक्स गायब, अँड्रॉइड म्हणतंय डेटा खराब. घुमट आरत्यांची रेकॉर्डिंग वाचतील का?

साखळीकर_घुमट

नमस्कार मंडळी. फोन वनप्लस ६, १२८ जीबीचा, बूटलोडर (फोन सुरू करणारा पहिला प्रोग्राम) अनलॉक. त्यात दोन सिस्टीम आहेत. स्लॉट ए मध्ये लिनेजओएस, म्हणजे अँड्रॉइड, आणि स्लॉट बी मध्ये पोस्टमार्केटओएस, म्हणजे लिनक्स. यूजरडेटा पार्टिशन, म्हणजे स्टोरेजमधला अँड्रॉइडच्या डेटाचा भाग (माझ्या फोनवर ते एसडीए१७ आहे), लहान करून त्याच्या मागे ३२ जीबीचं एसडीए१८ केलं होतं. लिनक्सची पूर्ण फाइल सिस्टीम त्यात आहे. इकडून तिकडे जायचं झालं की फास्टबूटमध्ये (लॅपटॉपवरून फोनला हुकूम द्यायचा मोड) स्लॉट बदलायचा, बस. बरेच महिने बिनतक्रार चाललं.

आता घडलं ते क्रमाने सांगतो. अँड्रॉइडमध्ये अपडेट आलं, ते लावलं. रीस्टार्ट होऊन अँड्रॉइड नीट सुरू झालं, फोन आले-गेले, काही वेगळं वाटलं नाही. संध्याकाळी लिनक्समध्ये जायचं म्हणून फास्टबूटमधून स्लॉट बी केला, तर लिनक्सऐवजी अँड्रॉइडच उघडलं. मग स्लॉट ए करून पाहिला. तिथे पडद्यावर सूचना आली की अँड्रॉइड सिस्टीम लोड होत नाही, तुमचा डेटा खराब झालेला असू शकतो. खाली दोन पर्याय: पुन्हा प्रयत्न करा, किंवा फॅक्टरी रिसेट. पहिला दाबला, परत तीच सूचना. दुसऱ्याला हात लावलेला नाही. फोन बंद करून कपाटात ठेवलाय.

फोन गेला तर दुसरा घेता येईल. पण लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये आमच्या वाड्यावरच्या घुमट आरत्यांची रेकॉर्डिंग आहेत (घुमट म्हणजे आमचं मातीच्या मडक्याला कातडं लावलेलं वाद्य). हातातल्या रेकॉर्डरवर ध्वनिमुद्रण करायचं, डब्ल्यूएव्ही फाइल्स फोनच्या लिनक्स बाजूला उतरवायच्या, तिथे एफएफएमपेगची छोटी स्क्रिप्ट तुकडे करून नावं देते, अशी माझी पद्धत. घरचा लॅपटॉप भाचीच्या अभ्यासाला असतो, म्हणून सगळं काम फोनवर. फाइल्स उतरल्या की रेकॉर्डरचं कार्ड रिकामं होतं आणि परत वापरात येतं. त्यामुळे दुसरी प्रत कुठेही नाही.

रेकॉर्डिंग कुणाची, तर वाड्यावरच्या नानांची. आरतीच्या मधल्या ज्या चाली त्यांच्याकडे आहेत त्या आमच्या पिढीतल्या एकालाही पूर्ण येत नाहीत. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर घुमटाला घोरपडीचं कातडं लावणं बंद झालं, आता बकरीचं असतं. दोन्हींच्या नादात फरक काय, हात कसा पडायचा आणि आता कसा पाडावा लागतो, हे नाना वाजवत वाजवत सांगतात, तेही त्यात आहे. साथीची वाद्यं, म्हणजे शामेळ आणि कासाळं, कुठे थांबायची हे ते बोटाने दाखवायचे आणि मी शेजारी बसून तोंडाने बोलून नोंद करायचो. यंदा त्यांचा आवाज बसलाय. चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आली आहे, पण परत मुद्रण होईल असं मला वाटत नाही. शिवाय नानांच्या वडिलांच्या हाताची आरत्यांची वही मी टाइप करून त्याच फोल्डरमध्ये ठेवली होती. ती वही पावसाळी ओलीने पानाला पान चिकटून बसली आहे.

म्हणून विचारतो: एसडीए१८ मधला डेटा अजून असेल का? आणि मी पहिलं पाऊल कुठलं टाकू?

म्हापसा_मोबाइल

साखळीकर बाब, फोन बंद ठेवलात हे एकदम बरोबर केलंत. फॅक्टरी रिसेट दाबू नका. त्याने यूजरडेटा फॉरमॅट होतो. एसडीए१८ वेगळं पार्टिशन असल्यामुळे त्याला बहुतेक धक्का लागणार नाही, पण बहुतेकच्या भरवशावर असला डेटा ठेवायचा नसतो.

दुसरं सांगतो. मी दुरुस्तीच्याच धंद्यात आहे, म्हणून कळकळीने सांगतो, कुठल्याही काउंटरवर हा फोन ठेवून “सॉफ्टवेअर मारून द्या” म्हणू नका. आमच्याकडे असा फोन आला की सवयीने तो ईडीएल मोडमध्ये, म्हणजे क्वालकॉमच्या ९००८ पोर्टवर घेतला जातो आणि पूर्ण फर्मवेअर पॅकेज चढवलं जातं. फोन हमखास चालू होतो, गिऱ्हाईक खूश होतं. पण त्या पॅकेजमध्ये पार्टिशन टेबलही असतं, म्हणजे कुठलं पार्टिशन कुठून कुठपर्यंत याची यादी. ते टेबल कारखान्यातलं, त्यात तुमच्या एसडीए१८ चा पत्ताच नाही. यूजरडेटा परत शेवटापर्यंत ताणला जातो आणि वर फॉरमॅट होतो. मग नानांचा आवाज कायमचा गेला.

माझा अंदाज असा आहे की तुमचं जीपीटी, म्हणजे हेच पार्टिशन टेबल, बिघडलं असावं. टीडब्ल्यूआरपी (दुरुस्तीसाठीची छोटी रिकव्हरी सिस्टीम) फ्लॅश करू नका, म्हणजे फोनवर कायमची लिहू नका, नुसतं फास्टबूट बूट करून चढवा आणि एसडीए१८ दिसतं का ते बघा.

कुळागर

मी हाच फोन वापरते. लिनक्सच्या जागी अँड्रॉइड उघडतं याचा अर्थ बूट_बी वर, म्हणजे बी स्लॉटच्या बूट पार्टिशनवर, दुसरं काहीतरी लिहिलं गेलं. पोस्टमार्केटओएसच्या साइटवरून ताजी इमेज उतरवा, त्यातली बूट इमेज बूट_बी वर फ्लॅश करा आणि डीटीबीओ_बी इरेज करा. पाच मिनिटांचं काम आहे.

पेडणेकर_टक्स

थांबा, कुळागर ताई. निदान तुमचं बरोबर आहे, पण उपाय आत्ता नको. आणि म्हापसेकर, टेबल बिघडलेलं नाही. ते बिघडलं असतं तर स्लॉट बी मधलं अँड्रॉइड दिवसभर नीट चाललं नसतं, त्यालाही यूजरडेटा त्याच टेबलवरून शोधावा लागतो.

साखळीकर दादा, सविस्तर लिहितो, कारण हा घोळ समजला नाही तर पुढच्या अपडेटला परत होणार.

ए आणि बी हे दोन स्लॉट दोन वेगवेगळ्या सिस्टीम ठेवायला केलेले नाहीत. अँड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ पासून, ही पद्धत आली ती अपडेट सोपं व्हावं म्हणून. चालू सिस्टीम एका स्लॉटमधून चालते आणि अपडेट मागच्या मागे दुसऱ्या स्लॉटमध्ये लिहिलं जातं. रीस्टार्टला फोन त्या दुसऱ्या स्लॉटवर उडी मारतो. नवीन सिस्टीम उठली नाही तर जुनी जागेवर असतेच. २०१८ मध्ये आलेला हा फोन पहिल्यापासून याच पद्धतीचा. आपण मनात धरतो की ए खोली अँड्रॉइडची आणि बी खोली लिनक्सची, वाटणी झाली. अँड्रॉइडच्या लेखी दोन्ही खोल्या त्याच्याच, आणि बी रिकामी आहे.

तेव्हा तुमचं अँड्रॉइड ए मधून चालत असताना अपडेट कुठे गेलं? बी मध्ये. बूट_बी, डीटीबीओ_बी, सिस्टीम_बी, व्हेंडर_बी, सगळं नव्याने लिहिलं गेलं. बूट_बी मध्ये पोस्टमार्केटओएसचं कर्नल (सिस्टीमचा गाभा) होतं, ते पुसलं गेलं. यात अपडेटचा काही दोष नाही, त्याने ठरलेलं काम केलं. तुम्हाला रीस्टार्टनंतर जे अँड्रॉइड “नीट सुरू झालं” ते बी मधलं होतं.

आता ए मधल्या सूचनेबद्दल. ए मध्ये तुमचं जुनं अँड्रॉइड तसंच पडून आहे. यूजरडेटा मात्र एकच आहे, त्याला ए-बी नाही. तो एन्क्रिप्ट असतो आणि त्याच्या किल्ल्या फोनच्या सुरक्षित भागात अँड्रॉइडची आवृत्ती आणि सिक्युरिटी पॅचची पातळी यांच्याशी बांधलेल्या असतात. बी मधलं नवीन अँड्रॉइड उठलं तेव्हा किल्ल्या नव्या पातळीवर नेल्या गेल्या. जुन्या अँड्रॉइडला त्या आता मिळत नाहीत, म्हणून ते बिचारं म्हणतं डेटा खराब आहे. डेटा खराब नाही. स्लॉट बी केलात की अँड्रॉइड आणि त्यातलं सगळं परत दिसेल, याची मला जवळजवळ खात्री आहे.

आणि मुख्य गोष्ट, एसडीए१८. अपडेटच्या पॅकेजमध्ये कुठल्या पार्टिशनवर काय लिहायचं याची नावानिशी यादी असते. तुम्ही हाताने केलेलं पार्टिशन त्या यादीत असण्याचा प्रश्नच नाही. तुम्ही लिनक्स सिस्टीम_बी मध्ये बसवलं असतं तर आज मी हे लिहू शकलो नसतो. बऱ्याच जणांनी तसं केलेलं असतं. तुम्ही वेगळं पार्टिशन केलंत, त्यामुळे रेकॉर्डिंग जागेवर असायला हवीत.

तरीही काहीही फ्लॅश करण्याआधी प्रत काढायची. दुरुस्ती मागून.

लॅपटॉपवर ३२ जीबीपेक्षा जास्त जागा मोकळी करा. पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क वापरणार असाल तर ती फॅट३२ नसावी, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. टीडब्ल्यूआरपी नुसतं बूट करा, म्हापसेकर म्हणाले तसंच. पासवर्ड विचारेल, रद्द करा, आपल्याला यूजरडेटा उघडायचा नाही. मग एडीबी (लॅपटॉपवरून फोनशी बोलायचं साधन) पुलने थेट /dev/block/sda18 हे पार्टिशन एका फाइलमध्ये ओढा. टक्केवारी चुकीची दिसेल किंवा दिसणारच नाही, कारण ब्लॉक डिव्हाइसची लांबी एडीबीला शून्य दिसते. घाबरू नका, चालू द्या. या फोनचं यूएसबी २.० चं आहे, त्यामुळे पंधरा-वीस मिनिटं किंवा थोडा जास्त वेळ लागेल. झाल्यावर फोनवर त्या पार्टिशनचा आणि लॅपटॉपवर फाइलचा शा२५६ (मजकुराचा आकडी ठसा) काढून दोन्ही जुळवा. जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

केबल चांगली घ्या आणि लॅपटॉप आधी पूर्ण चार्ज करा. सध्या आमच्याकडे पेडण्यात वीज दिवसातून कधीही जाते, सत्तरी-डिचोलीकडे वेगळं नसणार.

साखळीकर_घुमट

पेडणेकर दादा, इतकं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. सांगितलंत तसंच केलं. टीडब्ल्यूआरपीमध्ये एसडीए१८ दिसलं, पूर्ण ३२ जीबी. प्रत काढली, मध्ये एकदा वीज गेली पण लॅपटॉपची बॅटरी पुरली. दोन्ही शा२५६ जुळले. फोन परत बंद.

आता लॅपटॉपवर लिनक्स मिंट आहे. फाइल माउंट करायला गेलो तर म्हणतं फाइल सिस्टीमचा प्रकार चुकीचा. मग लोसेटअपने लूप डिव्हाइस करून, म्हणजे फाइललाच डिस्क भासवून, बघितलं, आत एकही पार्टिशन दिसत नाही. एफडिस्कही काही धड सांगत नाही. शा२५६ जुळलाय म्हणजे प्रत बरोबर, मग फोनवरचंच पार्टिशन रिकामं आहे की काय? हे बघितल्यापासून जेवण गोड लागत नाही.

पेडणेकर_टक्स

दादा, निश्चिंत जेवा. रिकामं नाही.

पोस्टमार्केटओएसची इमेज एका पार्टिशनमध्ये टाकली की त्या पार्टिशनच्या पोटात आणखी एक छोटं पार्टिशन टेबल असतं: आत एक बूट आणि एक रूट, म्हणजे मुख्य फाइल सिस्टीम. म्हणून सरळ माउंट होत नाही. आणि या फोनमधलं स्टोरेज यूएफएस जातीचं आहे, त्याचा सेक्टर ४०९६ बाइटचा. आतलं टेबलही त्याच हिशेबाने लिहिलेलं असतं. तुमचा लॅपटॉप मात्र कुठल्याही फाइलला लूप डिव्हाइस करताना ५१२ बाइटचा सेक्टर धरतो. टेबलची सुरुवात सेक्टर क्रमांक १ वर असते. फोनच्या मते ती ४०९६ व्या बाइटला, लॅपटॉपच्या मते ५१२ व्या. लॅपटॉप चुकीच्या जागी बघतो आणि म्हणतो काही नाही.

आधीचा लूप सोडवा. परत लोसेटअप चालवा, पण सेक्टर साइझ ४०९६ द्या, पार्टिशन स्कॅनचा पर्याय द्या आणि रीड-ओन्लीही द्या. दोन उप-पार्टिशन दिसतील. दुसरं रूट. ते ईएक्सटी४ असेल तर माउंट करताना रीड-ओन्लीबरोबर नोलोड लिहा, नाहीतर अर्धवट राहिलेला जर्नल (लिहायच्या कामांची नोंद) पूर्ण करायला लिहिण्याची परवानगी मागेल आणि अडून बसेल. मूळ प्रतीवर एक बाइटही लिहायचा नाही.

साखळीकर_घुमट

दिसली! सगळी फोल्डर दिसली. लॅपटॉपला स्पीकर लावून पहिली फाइल उघडली ती नानांची, “सुरवात सावकाश, घुमट आधी बोलू दे” म्हणतात तीच. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, तिला वाटलं नाना आलेत. वहीचा टाइप केलेला मजकूरही शाबूत आहे. सगळं लॅपटॉपवर उतरवलं, आणखी एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, आणि तिसरी प्रत वाळपईला बहिणीकडे पाठवतोय.

मंडळी, देव बरें करूं. एवढं बोलून थांबलो असतो, पण फोनवर लिनक्स परत हवंय. चवथीच्या आधी वाड्यावर तालमी सुरू होतील आणि त्यांचं ध्वनिमुद्रण करायचंच आहे. आता कुळागर ताईंनी सांगितलेलं करू का?

पेडणेकर_टक्स

करा, पण दोन बदल करून.

पहिला, स्लॉट. आता अँड्रॉइड बी मध्ये राहतंय. बी मधला डीटीबीओ इरेज केलात तर तेच उठणार नाही. तेव्हा बी ला अजिबात हात लावू नका. ए मध्ये जुनं, निरुपयोगी अँड्रॉइड पडलंय, लिनक्स तिथे बसवा. फ्लॅश करायचं बूट_ए, इरेज करायचं डीटीबीओ_ए. प्रत्येक वेळी नावात अंडरस्कोर ए स्पष्ट लिहा. नुसतं बूट किंवा नुसतं डीटीबीओ लिहिलं तर फास्टबूट त्या क्षणी जो स्लॉट चालू असेल तोच धरतो, आणि तुमचा कुठला चालू आहे हे आठवणीवर सोडू नका. आधी फास्टबूटला गेटव्हार करंट-स्लॉट विचारा, चालू स्लॉट कळेल.

डीटीबीओ का काढायचा हेही सांगतो, नाहीतर तो मंत्र वाटतो. त्यात अँड्रॉइडच्या कर्नलसाठी हार्डवेअरच्या वर्णनाचे जोड-तुकडे असतात. बूटलोडर ते तुकडे कर्नलबरोबर आलेल्या मूळ वर्णनाला चिकटवतो. पोस्टमार्केटओएसचं कर्नल मेनलाइन, म्हणजे मूळ लिनक्सचं, आहे, त्याचं वर्णन वेगळ्या पद्धतीने लिहिलेलं असतं, त्याला हे तुकडे बसत नाहीत आणि फोन पुढे सरकत नाही.

दुसरा बदल, बूट इमेज. साइटवरची ताजी घेऊ नका. बूट इमेजमध्ये कर्नलला दिलेल्या सूचनांत रूट पार्टिशनचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) लिहिलेला असतो. ताज्या इमेजमध्ये तिच्या स्वतःच्या रूटचा यूयूआयडी असणार, तुमच्या एसडीए१८ मधल्या रूटचा नव्हे. मग कर्नल उठेल आणि रूट सापडत नाही म्हणून थांबेल. लोक इथे घाबरून सगळं नव्याने बसवतात आणि होम फोल्डर गमावतात. तुमची स्वतःची बूट इमेज तुमच्याकडेच आहे. लॅपटॉपवर आत्ता जी प्रत उघडलीत तिचं पहिलं उप-पार्टिशन माउंट करा, त्यात बूट डॉट आयएमजी सापडेल. तीच फ्लॅश करा.

कुळागर

यूयूआयडीचा मुद्दा माझ्या ध्यानात नव्हता, मी नेहमी पूर्ण इमेजच टाकते त्यामुळे अडलं नाही कधी. साखळीकर दादा, पेडणेकर म्हणतात तसंच करा. एक पुरवणी जोडते. तरीही रूट सापडलं नाही तर पोस्टमार्केटओएस इनिट-रॅमएफएसमध्ये (सुरुवातीच्या तात्पुरत्या सिस्टीममध्ये) थांबतं. तिथून डीबग शेल चालू झालं की यूएसबीवरून १७२.१६.४२.१ या पत्त्यावर टेलनेटने आत जाता येतं. तिथे बीएलकेआयडी चालवलं की कुठल्या पार्टिशनला कुठला यूयूआयडी आहे ते सरळ दिसतं. फ्लॅश-फ्लॅश खेळण्यापेक्षा आधी तिथे डोकवा.

साखळीकर_घुमट

पहिल्या उप-पार्टिशनमध्ये बूट डॉट आयएमजी मिळाली. बूट_ए फ्लॅश, डीटीबीओ_ए इरेज, स्लॉट ए. लिनक्स आलं, माझा वॉलपेपर, माझी स्क्रिप्ट, सगळं होतं तसं. मग बी करून पाहिला, अँड्रॉइडही आलं, काही खराब वगैरे नाही.

साखळीकर_घुमट

परत आलो. मधले दिवस लिनक्स रोज सुरू-बंद करत होतो, तालमीची दोन मुद्रणंही झाली. आज चालू केलं तर स्लॉट न बदलता आपोआप अँड्रॉइडमध्ये गेलं. अपडेट आलेलं नाही, मी बंदच ठेवलंय. फास्टबूटमध्ये गेटव्हार ऑल काढलं. स्लॉट ए पुढे सक्सेसफुल नाही, अनबूटेबल हो, रिट्राय काउंट शून्य असं दिसतंय. मेमरी चिप थकली असेल का?

कुळागर

हे मला पाठ आहे, चिप ठणठणीत आहे.

प्रत्येक स्लॉटला बूटलोडर ठरावीक संधी देतो, या जातीच्या फोनमध्ये ७. हा आकडा वेगळ्या फाइलमध्ये नसतो, जीपीटीमधल्या बूट पार्टिशनच्या नोंदीतच थोडे बिट त्यासाठी राखलेले असतात. दर वेळी स्लॉट सुरू करताना बूटलोडर एक संधी कमी करतो. सिस्टीम नीट उठली की तिने स्वतः येऊन सांगायचं असतं, मी यशस्वी झाले, मोजणं थांबव. अँड्रॉइड हे न चुकता सांगतं. लिनक्सला ते वेगळं शिकवावं लागतं. तुमचं लिनक्स रोज व्यवस्थित उठलं पण कुणाला काही बोललं नाही, म्हणून बूटलोडरच्या हिशेबी ते प्रत्येक वेळी नापास. संधी संपल्या, स्लॉट ए अनबूटेबल ठरवला आणि तो बी वर गेला.

फास्टबूटमधून स्लॉट ए परत चालू करा. सेट ॲक्टिव्ह केलं की संधी परत पूर्ण मिळतात आणि अनबूटेबलचा शिक्का निघतो. लिनक्समध्ये गेल्यावर क्यूबूटसीटीएल हे पॅकेज आहे का बघा, नसेल तर एपीकेने (लिनक्समधलं पॅकेज बसवायचं साधन) टाका. तुमची बूट इमेज आणि सिस्टीम दोन्ही जुन्या आहेत, तेव्हा ते नसण्याचीच शक्यता जास्त. त्याची सर्व्हिस प्रत्येक सुरुवातीला आपोआप चालेल अशी लावा. ती चालू स्लॉटला सक्सेसफुल म्हणून नोंदवते.

आणखी एक उपयोग. त्याच क्यूबूटसीटीएलने लिनक्समध्ये बसूनच स्लॉट बी निवडता येतो आणि रीस्टार्ट केलं की अँड्रॉइड. अँड्रॉइडमध्ये रूट (पूर्ण अधिकार) असेल तर तिकडून बूटसीटीएलने ए निवडता येतो. भाचीचा लॅपटॉप दर वेळी मागायला नको.

म्हापसा_मोबाइल

हे माझ्यासाठीही नवीन. आमच्याकडे “आपोआप दुसऱ्या सिस्टीममध्ये जातो” म्हणून एक फोन आला होता, मी बोर्डवर शोधत बसलो होतो. ताई, धन्यवाद.

साखळीकर बाब, आता सगळं चालतंय तर पार्टिशन टेबलची प्रतही काढून ठेवा. एसजीडिस्कचा बॅकअप पर्याय वापरा. या फोनचं यूएफएस स्टोरेज आतून अनेक भागांत विभागलेलं आहे, एसडीए, एसडीबी असं पुढे, आणि प्रत्येक भागाला स्वतःचं वेगळं जीपीटी. नुसत्या एसडीए चा काढून थांबू नका, सगळ्यांचे काढा. फाइल्स अगदी छोट्या असतात. उद्या कुणी चुकून सॉफ्टवेअर मारलंच तर निदान एसडीए१८ कुठून कुठपर्यंत होतं हे तरी कळेल.

पेडणेकर_टक्स

पुढच्या अपडेटचं सांगून ठेवतो. अँड्रॉइड आता बी मधून चालतंय, म्हणजे पुढचं अपडेट ए मध्ये येणार आणि लिनक्सची बूट इमेज परत जाणार. अपडेट टाळत बसू नका, सिक्युरिटी पॅच लागतातच. अपडेट लावा, अँड्रॉइडला ए मधून एकदा पूर्ण उठू द्या. मग तुमची बूट इमेज बूट_बी वर आणि डीटीबीओ_बी इरेज. दर अपडेटला जागा अशी अदलाबदल होत राहील. फक्त अपडेट कधी लावायचं ते तुम्ही ठरवा, तालमीच्या आदल्या रात्री नको. आणि लिनक्समध्ये कर्नल अपग्रेड झालं की बूट इमेजही बदलते, तेव्हा तिची नवी प्रत लगेच लॅपटॉपवर घ्या. जुन्या कर्नलच्या इमेजने नव्या सिस्टीमची मॉड्यूल्स चालत नाहीत, मग वायफाय नाही, आवाज नाही, असं काहीतरी सुरू होतं.

रेकॉर्डिंगसाठी लॅपटॉप आणि फोनच्या मध्ये सिंकथिंग लावा. वायफायवर दोन्ही आले की फाइल्स आपोआप जातील. रेकॉर्डरचं कार्ड पुसण्याआधी लॅपटॉपवर फाइल पोहोचली का ते बघायची सवय मात्र तुमची तुम्हाला लावावी लागेल.

साखळीकर_घुमट

क्यूबूटसीटीएल नव्हतंच. टाकलं, सर्व्हिस लावली, मुद्दाम पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करून गेटव्हार ऑल पाहिलं. स्लॉट ए पुढे आता सक्सेसफुल हो आहे आणि रिट्राय काउंट खाली उतरत नाही. सगळ्या भागांचे जीपीटी बॅकअप काढले, बूट इमेजबरोबर लॅपटॉपवर आणि डिस्कवर ठेवले. सिंकथिंग भाचीने लावून दिलं, तिला आवडलं ते.

कुळागर ताई, एकच राहिलं. अँड्रॉइडला रूट केलेलं नाही आणि करायचंही नाही, बँकेची ॲप बंद पडतात. तर अँड्रॉइडमधून लिनक्सकडे येताना फास्टबूट आणि लॅपटॉप लागणारच ना?

कुळागर

हो, लागणार. पण लॅपटॉपच हवा असं नाही. दुसऱ्या अँड्रॉइड फोनला ओटीजी केबल लावून टर्मक्स या टर्मिनल ॲपमधून फास्टबूट चालवता येतं, मी भावाच्या फोनवरून करते. ओटीजी अडॅप्टर म्हापशाच्या बाजारात कुठेही मिळेल. जोडताना तुमचा वनप्लस फास्टबूटमध्ये आणि दुसरा फोन होस्ट, हे उलटं झालं की काहीच दिसत नाही, एवढं बघा.